बॅरी सँडर्स : १९८८चा तो हंगाम

अमेरिकन फुटबॉलमध्ये 'रनिंग बॅक' म्हणजे चेंडू पोटाशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीतून वाट काढणारा खेळाडू. कॅन्ससमधल्या विचिटाचा बॅरी सँडर्स जेमतेम पाच फूट आठ इंच उंचीचा. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात पहिली दोन वर्षं तो थर्मन थॉमसच्या मागे राखीव होता. थॉमस व्यावसायिक फुटबॉलकडे वळला आणि १९८८मध्ये जागा मोकळी झाली.

त्या हंगामात सँडर्सने ११ सामन्यांत २,६२८ यार्ड धाव घेतली आणि धावून ३७ टचडाउन केले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोल-रेषेपलीकडे नेला. चार सामन्यांत तर त्याने तीनशे यार्डांचा टप्पा ओलांडला. सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी त्याला जाहीर झाली, तेव्हा संघ सामन्यासाठी टोकियोत होता. तिथे टेक्सस टेकविरुद्ध तो ३३२ यार्ड धावला.

हंगामाअखेरच्या हॉलिडे बोलमध्ये वायोमिंगविरुद्ध त्याने आणखी २२२ यार्ड आणि पाच टचडाउनची भर घातली. पण बोल सामन्यांचे आकडे तेव्हा अधिकृत नोंदीत धरत नसत. हा सरळ अन्यायच, कारण आता ते धरले जातात. तरीही एका हंगामात सर्वाधिक यार्ड धावण्याचा त्याचा विक्रम टिकून आहे. २०२४मध्ये बॉयसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी १४ सामने खेळून २,६०१वर थांबला.

टचडाउननंतर सँडर्स नाचत नसे. चेंडू पंचाच्या हाती देऊन तो शांतपणे परतायचा. १९८९मध्ये व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत डेट्रॉइट लायन्स संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं.