समुद्रतळातून वर आलेली युद्धनौका

१० ऑगस्ट १६२८ रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील धक्क्यावर मोठी गर्दी लोटली होती. राजा गुस्ताव अडॉल्फ याच्या आज्ञेने बांधलेली ‘वासा’ ही ६४ तोफांची युद्धनौका पहिल्याच सफरीला निघाली होती. वासा म्हटले की आपल्याला घराचे छप्पर आठवते. येथे मात्र ते राजघराण्याचे नाव असून धान्याची पेंढी हे त्याचे चिन्ह होय. जेमतेम १,३०० मीटर अंतर कापल्यावर वाऱ्याच्या झोताने नौका डावीकडे कलली, तोफांसाठी ठेवलेल्या खालच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले आणि पाहता पाहता ती ३२ मीटर खोल तळाशी गेली. सुमारे ३० माणसे दगावली.

नौकेचा वरचा भाग फार जड झाला होता. ती धक्क्याला असतानाच ३० खलाशांना या काठापासून त्या काठापर्यंत धावायला लावून तिचा तोल पाहण्यात आला होता. ती इतकी डोलू लागली की तिसऱ्या फेरीनंतर चाचणीच थांबविण्यात आली. नौका थांबविण्यात आली नाही. पुढे चौकशी झाली, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. मुख्य कारागीर तर आदल्याच वर्षी वारला होता.

१६६४ मध्ये पाणबुड्यांनी घंटेच्या आकाराच्या पात्रातील हवेवर श्वास घेत पन्नासाहून अधिक तोफा वर काढल्या. त्यानंतर नौकेचा विसर पडला. तिचा ठाव पुन्हा लावला तो आन्देर्स फ्रान्सेन या अभियंत्याने. उष्ण व खाऱ्या समुद्रात बुडालेले लाकूड एक समुद्री कीटक पोखरून टाकतो. कीटक म्हणावयाचे एवढेच, वस्तुतः तो शिंपल्यांच्या कुळातील प्राणी आहे. बाल्टिक समुद्राचे पाणी अल्पक्षार असल्याने तेथे तो जगत नाही. तेव्हा ‘वासा’ शाबूत असली पाहिजे, असा फ्रान्सेन यांचा तर्क होता. दोरीला बांधलेली पोकळ, धारदार नळी तळात मारून ते नमुने घेत राहिले आणि ऑगस्ट १९५६ मध्ये त्या नळीतून काळ्या पडलेल्या ओकच्या लाकडाचा तुकडा वर आला.

उत्खननाचे खरे धाडस पुढेच होते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाळ कापीत पाणबुड्यांनी नौकेच्या खालून सहा बोगदे खोदले. डोळ्यांना काही दिसत नव्हते. सारे काम हातांच्या स्पर्शावर चालले होते आणि डोक्यावर शेकडो टनांची जुनी नौका होती. बोगद्यांतून पोलादी दोर ओवून १९५९ मध्ये ती टप्प्याटप्प्याने उथळ पाण्यात आणण्यात आली. गंजून गेलेल्या खिळ्यांची हजारो भोके बुजविण्यात आली आणि २४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी, तिने पाण्याबाहेर डोके काढले.

मात्र पाण्यात टिकलेले लाकूड हवेत टिकतेच असे नाही. पेशींतील पाणी उडून गेले की ते आक्रसते व तडकते. म्हणून १९६२ पासून १७ वर्षे नौकेवर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या द्रव्याचे द्रावण फवारण्यात आले. पेशींतील पाण्याची जागा हळूहळू या द्रव्याने घेतली. १९९० मध्ये खास संग्रहालयही उभे राहिले. तेथील वस्तूंमध्ये कारागिरांच्या मोजपट्ट्या आहेत: काही स्वीडिश फुटाच्या, १२ इंचांच्या, तर काही ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, ११ इंचांच्या. नौकेच्या दोन्ही बाजू सारख्या का नाहीत, याचा थोडा उलगडा यातून होतो. सापडलेल्या सांगाड्यांपैकी ज्याला अनेक वर्षे पुरुष समजून ‘गुस्ताव’ म्हटले जाई, तो स्त्रीचा असल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले.

२००० च्या सुमारास लाकडावर पांढरे-पिवळे क्षारांचे डाग उमटू लागले. बंदरातील सांडपाण्यामुळे लाकडात गंधक साठले होते. हवेतील प्राणवायू आणि खिळ्यांचे लोह यांच्या संयोगाने त्याचे गंधकाम्ल होऊ लागले होते. यावर संग्रहालयातील हवेची आर्द्रता काटेकोरपणे नियंत्रित करण्यात आली आणि २०११ ते २०१८ या काळात पाच हजारांहून अधिक जुन्या बोल्टांच्या जागी न गंजणारे पोलादी बोल्ट बसविण्यात आले. तरीही स्वतःच्या भाराने नौका किंचित खचते आहे. तिच्यावरील शेकडो बिंदूंचे अंतर उपकरणांनी वेळोवेळी मोजले जाते आणि मिलिमीटरच्या अंशांतील फरकही नोंदला जातो.