शिकाऊ उमेदवारीची अखेरची परीक्षा

भुसावळ-अकोला रेल्वेमार्गावरील बोदवड हे तालुक्याचे गाव कापसाच्या पट्ट्यात येते, आणि तेथील ज्या मुलामुलींनी दहावीनंतर आयटीआयची वाट धरली आहे त्यांना मोठी यंत्रशाळा पाहायची झाल्यास भुसावळ परिसराकडेच जावे लागते. कारण रेल्वेचे विद्युत इंजिन शेड व कारखाना, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आणि वरणगाव व भुसावळ येथील आयुध निर्माणी हे सारे त्याच टापूत एकवटले आहे. फिटर किंवा इलेक्ट्रिशियन यांसारख्या ट्रेडचा, म्हणजे ठरावीक कारागिरीचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये पुरा झाल्यावर अशा आस्थापनेत साधारणपणे एक वर्ष प्रत्यक्ष कामावर शिकणे म्हणजे शिकाऊ उमेदवारी, जिला व्यवहारात अप्रेंटिसशिप म्हटले जाते. घरच्यांना ती नोकरीची सुरुवात वाटते, परंतु 1961च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या 18व्या कलमानुसार उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्याला मिळते ते वेतन नव्हे, विद्यावेतन होय, आणि आस्थापनेशी झालेल्या त्याच्या कराराची नोंदणी व्हावी लागते.

या कराराचा शेवट परीक्षेने होतो. अधिनियमाच्या 21व्या कलमाप्रमाणे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या ट्रेड उमेदवाराचे कौशल्य राष्ट्रीय परिषदेच्या किंवा केंद्र सरकारने अधिकार दिलेल्या अन्य संस्थेच्या परीक्षेतून तपासले जाते. ठरवून दिलेल्या ट्रेडसाठी ही अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते आणि उत्तीर्ण उमेदवाराला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. आयटीआयच्या परीक्षेनंतर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र याहून वेगळे आहे. ते संस्थेतील शिक्षणाची साक्ष देते, तर हे कारखान्यातील अनुभवाची.

परीक्षेचे लेखी आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग असून लेखी भागापेक्षा प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्याची मर्यादा अधिक, म्हणजे 60 टक्के, ठेवलेली आहे, आणि ते योग्यच आहे, कारण हाताने काम करणाऱ्याची पारख हातातील कामावरूनच व्हायला हवी. प्रात्यक्षिकात उमेदवाराला आराखडा व कच्चा धातू देऊन ठरलेल्या वेळेत एक वस्तू, कारखान्याच्या भाषेत ‘जॉब’, तयार करायला सांगितले जाते. त्या वस्तूची मापे आराखड्यापासून किती ढळली तर चालतील याची जी मर्यादा आखलेली असते तिला टॉलरन्स म्हणतात. फिटरच्या कामात ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते, म्हणूनच 0.01 मिलिमीटरपर्यंतचे माप दाखवणारा मायक्रोमीटर त्याला सफाईने वापरता यावा लागतो.

तथापि, वर्षाअखेरीच्या काही तासांत माणसाची सगळी कारागिरी दिसत नाही, हे जाणूनच अभ्यासक्रमात वर्षभराच्या मूल्यमापनालाही स्थान दिलेले आहे. उमेदवाराने केलेले जॉब, त्याची रोजची नोंदवही, तोंडी परीक्षा, हजेरी आणि प्रगतीचा तक्ता हे त्याचे पुरावे मानले जातात. मापातील अचूकता आणि कामाची सफाई यांच्या जोडीने माल किती वाया गेला, भंगाराची विल्हेवाट नीट लावली की नाही, सुरक्षेचे नियम पाळले की नाही, सहकाऱ्यांशी जमवून घेतले की नाही आणि काम करताना किती मदत लागली, हेही पाहायचे असते. आधाराशिवाय, नीटनेटके आणि बहुतांश मापे टॉलरन्समध्ये बसवणारे काम करणाऱ्यालाच 90 टक्क्यांवरील गुण द्यावेत, असा दंडक आहे. प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवण्याची जबाबदारी 19व्या कलमाने आस्थापनेवरच टाकलेली आहे.

साऱ्या व्यवस्थेचा कणा येथेच आहे. नोंदवही रोजच्या रोज भरली आणि पर्यवेक्षकाने ती खरोखर वाचून तपासली, तर प्रमाणपत्रामागे वर्षभराचे काम उभे राहते. तीच वही परीक्षेच्या तोंडावर एका बैठकीत भरली गेली, तर प्रमाणपत्रावरील शिक्का खरा असूनही त्यातला मजकूर पोकळ ठरतो. उमेदवाराला वर्षभर केवळ साफसफाईला किंवा सामान उचलायला लावले असेल, तर ते उघड करणारा कागदही ही वहीच असते. म्हणून तिची काळजी आस्थापनेइतकीच उमेदवाराने आणि त्याच्या पालकांनीही घेतली पाहिजे. जर्मनीत अखेरची परीक्षा उद्योग व व्यापार मंडळाची समिती घेते आणि त्या समितीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात, शिवाय व्यवसाय शाळेचा शिक्षक असतो. जो कामावर शिकवतो त्याचे मत एकट्याने निर्णायक ठरू नये आणि ते वगळलेही जाऊ नये, हा त्या रचनेतील विचार येथेही घेण्यासारखा आहे.

सर्वच उमेदवार या परीक्षेला बसत नाहीत. पदविका किंवा पदवी घेतलेल्यांना अशी परीक्षा नसून प्रशिक्षणानंतर शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडून प्रावीण्य प्रमाणपत्र मिळते आणि महाराष्ट्रासाठीचे हे मंडळ मुंबईत आहे. 2014च्या दुरुस्तीने आलेल्या ऐच्छिक ट्रेडचे मूल्यमापन त्या-त्या उद्योगाच्या कौशल्य परिषदा करतात. अखिल भारतीय परीक्षेत जो अनुत्तीर्ण होतो त्याला पुढील परीक्षेची संधी असते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर नोकरी मिळेलच असे मात्र नाही. अधिनियमाच्या 22व्या कलमाने आस्थापनेवर उमेदवाराला कामावर घेण्याचे बंधन घातलेले नाही; 2014पासून प्रत्येक आस्थापनेने भरतीचे आपले धोरण ठरवावे एवढीच अपेक्षा आहे. 20 मार्च 2018 रोजी रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्या तरुणांनी मुंबईत माटुंगा आणि दादर यांच्यामध्ये मध्य रेल्वेची वाहतूक रोखून धरली, ती याच प्रश्नावर. रेल्वेच्या सर्वांत खालच्या स्तरावरील थेट भरतीत 20 टक्के जागा अशा उमेदवारांसाठी राखीव आहेत; त्यांना ही मर्यादा काढून टाकायची होती. आजही बोदवडच्या एखाद्या तरुणाने भुसावळच्या कारखान्यात वर्ष काढून प्रमाणपत्र मिळवले, तर त्याला त्या राखीव जागांसाठी अर्ज करता येतो, परंतु भरतीची संगणकावरील परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी त्याला इतरांप्रमाणेच द्यावी लागते.