उन्हाळ्यात किडे जातात कुठे?



आष्टीचा उन्हाळा तुम्हाला काय सांगावा! वैशाखात माळावर अनवाणी पाऊल टेकवत नाही, बांधावर हिरवी काडी दिसत नाही. मग एखादा चांगला पाऊस पडला की संध्याकाळी दिव्याभोवती एवढे भुंगेरे कुठून येतात? ते आभाळातून पडत नाहीत. ते तुमच्याच रानात असतात.

किड्याचे अंग लहान, त्यामुळे ते चटकन सुकण्याची भीती. पण त्याच्या कवचावर मेणासारखा पातळ थर असतो. श्वासाची छिद्रे अंगाच्या दोन्ही बाजूंना असतात, ती तो लागेल तशी उघडतो व मिटतो. विष्ठाही जवळजवळ कोरडीच टाकतो. असे थेंबथेंब पाणी तो राखतो.

वाळवंटात तर याहून नवल. सहारातील चंदेरी मुंगीच्या अंगावरचे चकचकीत केस ऊन परतवून लावतात. आफ्रिकेतीलच नामिब वाळवंटात एक भुंगेरा पहाटे धुक्यात डोके खाली करून उभा राहतो. पाठीवर जमलेले पाणी ओघळून त्याच्या तोंडात येते.

आपल्याकडच्या हुमणीची युक्ती साधी आहे. वरची माती तापली तरी खालची गार असते. हुमणीचे भुंगेरे तिथे निपचित पडून पावसाची वाट पाहतात. वळवाचा किंवा मृगाचा चांगला पाऊस झाला की दिवेलागणीला बाहेर पडतात, कडुलिंब, बाभूळ, बोरीचा पाला खातात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतात. माद्या मातीत अंडी घालतात. त्यातून निघणारी अळी म्हणजेच ऊस, भुईमूग, बाजरीची मुळे कुरतडणारी हुमणी.

अळी मुळाशी गेली की हाती लागत नाही. भुंगेरा झाडावर असतो तेव्हाच तो सापडतो. म्हणून पहिल्या पावसानंतर काही दिवस रोज रात्री आठच्या सुमारास बत्ती घेऊन निघा. फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे वेचा आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. अंडी घालण्याआधी एक मादी मेली तर तिची सारी पिलावळ टळते.

मात्र हे काम एकट्याचे नव्हे. शेजारच्या बांधावरची बाभूळ राहिली, तर भुंगेरे तिथून तुमच्या रानात येणारच. तेव्हा पाऊस पडण्याआधीच पारावर बसून गावाने वार ठरवून घ्यावा. किडा वर्षभर एका संधीची वाट पाहतो, आपणही ती साधू या.