दोन साइट एकमेकींशी जुळल्या, म्हणून दोन्ही बरोबर का?

सोलापुरात कॉलेजला एनसीसी केलेल्यांना .22 रायफल ओळखीची असेल. पोटावर झोपून 25 मीटरवरच्या कागदावर गोळ्या मारायच्या आणि मग कुणाचं ग्रुपिंग किती आलं, यावर चर्चा. त्या रायफलवर ना काच, ना बॅटरी. डोळ्याजवळ बॅकसाइट आणि नळीच्या टोकाशी फोरसाइट, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत बंदुकीची माशी. या जोडीला आयर्न साइट म्हणतात. आजच्या बऱ्याच रायफलींवर मुख्य काम रेड डॉट किंवा दुर्बीण करते आणि आयर्न साइट राखीव म्हणून बसवलेली असते.

ही राखीव साइट निवडताना जे प्रश्न पडतात, तेच आपल्याला प्रयोगासाठी दुसरं उपकरण निवडताना पडायला हवेत. म्हणून आज हा विषय घेतोय.

आधी एक गैरसमज बाजूला करू. राखीव म्हणजे कमी दर्जाची, असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेत नेम मोठा करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र, पुढे गोल कडी, बस्स. आणि 10 गुणांचं वर्तुळ किती मोठं? व्यास 10.4 मिलिमीटर. छिद्रातून पाहिलं की डोळ्यात शिरणारा प्रकाश बारीक होतो, त्यामुळे जवळची माशी आणि लांबचं लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. साधीच गोष्ट आहे, पण अचूक.

निवडताना काय बघायचं?

पहिला प्रश्न: मुख्य साइट कशामुळे बंद पडेल? बॅटरी संपेल, काचेवर वाफ धरेल, चिखल उडेल, काच फुटेल. आयर्न साइटला बॅटरीही नाही आणि काचही नाही, म्हणून ती या कारणांनी अडत नाही. पण दोन्ही साइट एकाच पट्टीवर बसवल्या आणि ती पट्टीच वाकली, तर दोन्ही एकदमच गेल्या. राखीव वस्तू मोजताना तिची संख्या मोजू नका, बिघाडाची कारणं वेगळी आहेत का ते बघा.

दुसरा प्रश्न: ती बसणार कुठे? रेड डॉटमध्ये चित्र मोठं होत नाही, त्यामुळे त्याच काचेतून आयर्न साइटही दिसू शकते. तिथे दुमडणारी किंवा कायम उभी, दोन्ही चालतात. दुमडणारी असेल तर नजरेत येत नाही, मात्र लागेल तेव्हा उभी करायला एक क्षण जातो. मुख्य साइट मोठं करून दाखवणारी दुर्बीण असेल, तर तिच्यातून आयर्न साइट वापरता येत नाही. मग 45 अंशांत तिरकी बसणारी जोडी घ्यावी लागते; रायफल थोडी कलती केली की ती डोळ्यासमोर येते.

तिसरा प्रश्न: दोन साइटमधलं अंतर किती? इथे शाळेतली समरूप त्रिकोणांची भूमिती लागते. समजा, नेम धरताना माशी 0.5 मिलिमीटरने सरकली. दोन साइटमध्ये 500 मिलिमीटर अंतर असेल, तर 100 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर चुकेल. अंतर 250 मिलिमीटर असेल, तर 20 सेंटिमीटर. म्हणजे मजबूत बैठक मिळेल तितकी माशी पुढे न्यावी. फक्त बैठक हलणारी नको, आणि नळीजवळच्या तापणाऱ्या भागावर प्लास्टिकची साइट नको, तिथे धातूचीच हवी.

आता खरी मेख

साइट बसवली की ती झीरो करावी लागते. ठरलेल्या अंतरावर कागदावर गोळ्या मारायच्या, त्या कुठे लागतात ते बघायचं आणि साइट सरकवत त्या मध्यावर आणायच्या. गोळ्या एकमेकींजवळ लागणं वेगळं आणि मध्यावर लागणं वेगळं. ग्रुपिंग उत्तम असूनही सगळा गट डावीकडे असू शकतो.

इथे एक सोपी पळवाट असते. आयर्न साइट झीरो झालेली आहे, मग रेड डॉटचा ठिपका माशीच्या टोकावर आणून ठेवायचा. झालं काम! सुरुवातीला गोळी कागदावर तरी लागावी, एवढ्यापुरतं हे ठीक आहे. पण तिथेच थांबलात तर दोन साइट जुळणारच, कारण तुम्हीच त्या जुळवल्यात. आयर्न साइटमध्ये चूक असेल तर ठिपक्याने तीच चूक उचलली. असं जुळणं हा पुरावा नव्हे.

दोन्ही साइट एकाच अंतरावर, कागदावर स्वतंत्रपणे झीरो केल्या असतील, तरच त्यांच्या जुळण्याला अर्थ येतो. पुढे कधी ठिपका आणि माशी जुळेनाशी झाली, तर काहीतरी हललंय एवढं कळतं. कोण हललंय, हे मात्र दोघींपैकी कुणीच सांगत नाही. त्यासाठी पुन्हा कागदाकडेच जावं लागतं.

आपल्या प्रयोगात

समजा, तुम्ही सोलापूरजवळच्या डाळिंबाच्या बागेत मातीतला ओलावा सेन्सरने मोजताय. काळी माती वाळली की आक्रसते, भेगा पडतात, सेन्सरचा मातीशी संपर्क सुटतो आणि आकडे भरकटतात. त्याच कंपनीचा दुसरा सेन्सर शेजारी खोचला, तर तोही त्याच कारणाने भरकटेल. इथली आयर्न साइट म्हणजे जुनी भट्टीची पद्धत: मातीचा नमुना तोलायचा, 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवायचा, पुन्हा तोलायचा. कष्टाचं काम आहे, पण सेन्सर ज्या कारणाने फसतो, त्या कारणाने ही पद्धत फसत नाही.

आणि पळवाट इथेही आहेच. भट्टीच्या ज्या नमुन्यांवरून सेन्सरचं समीकरण बसवलं, तेच नमुने पुन्हा घेऊन 'बघा, किती छान जुळतंय' असा आलेख काढायचा. ठिपका माशीवर ठेवण्याचाच हा प्रकार. पडताळणीसाठी काही नमुने पहिल्या दिवसापासून वेगळे काढून ठेवा आणि समीकरण बसेपर्यंत त्यांना हात लावू नका.

तोंडी परीक्षेत 'दोन पद्धतींचे आकडे जुळले' असं तुम्ही सांगाल, तेव्हा समोरून प्रश्न येईल, 'एक दुसरीवरून जुळवली होती का?' त्याचं उत्तर वहीत आधीपासून लिहिलेलं असू द्या.