वाणेचे पाणी दर्यात

मुलांनो, परळी वैजनाथजवळ नागापूर नावाचे गाव आहे. तिथे वाण नदीवर धरण बांधलेले आहे. परळीला पिण्याचे पाणी याच धरणातून मिळते. पावसाळ्यानंतर त्याच्या काठावर उभे राहिलात, तर आधी तुम्हांला नुसते पाणीच दिसेल. पण जरा वाकून पाहा. दगडांवर हिरवे शेवाळ आहे. ते उन्हाच्या मदतीने आपले अन्न तयार करते. शेवाळ बारीक किडे खातात, किड्यांना मासे खातात आणि माशांवर खंड्या पक्षी झडप घालतो. जे मरते, ते कुजून पुन्हा शेवाळाच्या कामी येते. सजीव आणि त्यांच्या भोवतीचे पाणी, माती, ऊन, हवा या सर्वांची मिळून जी व्यवस्था बनते, तिला परिसंस्था म्हणतात.

ही गोड्या पाण्याची परिसंस्था फार नाजूक असते. उन्हाळ्यात पाणी आटते आणि तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मग मासे वर येऊन तोंड उघडतात. मरळ मासा मात्र हवेतूनही श्वास घेऊ शकतो. म्हणून शेवटच्या डबक्यात बहुधा तोच उरतो!

वाण नदी पुढे गोदावरीला मिळते. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राला गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून पाणी येते. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली दुष्काळामुळे पाणी मिळेना, म्हणून हे केंद्र बंद ठेवावे लागले. वीज दुसरीकडून आणता येते. नदीच्या तळाशी राहणाऱ्या शिंपल्याला मात्र पात्र कोरडे पडले, तर जायला जागा नसते.

गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि १४६५ किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. इथे एक गंमत सांगतो. तुम्ही उर्दूत नदीला ‘दरिया’ म्हणता. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. शब्द एकच, पण मराठीत येऊन तो खारट झाला!

नदी आणि समुद्र जिथे भेटतात, त्या जागेला नदीचे मुख म्हणतात. तिथले पाणी धड गोडे नाही, धड खारे नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. मुखाजवळ हे प्रमाण भरती-ओहोटीबरोबर रोज बदलते. असे पाणी फार थोड्या जिवांना सोसते. काकिनाडा शहराजवळ कोरिंगा येथे खारफुटीचे मोठे जंगल आहे. तिथला तिवर वृक्ष जास्तीचे मीठ पानांतून बाहेर टाकतो. चिखलात हवा मिळत नाही, म्हणून त्याची काही मुळे जमिनीतून वर डोकावतात आणि श्वास घेतात. कोळंबी समुद्रात अंडी घालते, पण तिची पिल्ले वाढतात ती या मुळांच्या आडोशाला. खारफुटी तोडली, की समुद्रातली कोळंबीही घटते.

खोल समुद्रात झाडे नाहीत. तिथे पृष्ठभागावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती अन्न तयार करतात. किनाऱ्याजवळ त्यांना खत पुरवते ती नदी. आपल्या शेतांवरून वाहून गेलेली माती त्यात असते. बरे, नदीवाटे सगळे समुद्राकडेच जाते असेही नाही. काही समुद्राकडून नदीतही येते.

हिलसा नावाचा मासा समुद्रात राहतो, पण अंडी घालायला गोड्या पाण्यात येतो. वाटेतली धरणे भरून वाहिली, की गोदावरीला मोठा पूर येतो. त्यात वाणेचेही थोडे पाणी असते. गढूळ पाणी समुद्रात पसरते आणि हिलसा उलट्या दिशेने नदीत शिरतो. पण राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमला त्याची वाट अडते. तिथे सर आर्थर कॉटन यांनी बांधलेला बंधारा १८५२ साली पूर्ण झाला. आज त्या जागी नवा बंधारा आहे. त्यामुळे लाखो एकर शेती भिजते. हिलसाला मात्र भिंत ओलांडता येत नाही. तेलुगू लोक नदीत आलेल्या या माशाला ‘पुलसा’ म्हणतात. तो पावसाळ्याचे थोडेच दिवस मिळतो, आणि त्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक दोन पावले मागे सरते.