नवे मूत्रपिंड, जुना विषाणू

भोपाळच्या एम्समध्ये जानेवारी 2024 मध्ये पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. वर्षभराने, जानेवारी 2025 मध्ये, जबलपूरहून आणलेले हृदयही तिथे एका रुग्णाला बसवले गेले. बातमी ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ इथे संपते. रुग्णाच्या मागे मात्र गोळ्या लागतात त्या कायमच्या: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. या गोळ्या प्रतिकारशक्तीला लगाम घालतात, म्हणून परका अवयव शरीरात टिकतो. याच लगामामुळे काही थोड्या रुग्णांना लसिका पेशींचा कर्करोग होतो. डॉक्टर त्याला पीटीएलडी म्हणतात.

तो होतो कसा? बहुतेक वेळा मुळाशी एप्स्टाइन-बार विषाणू असतो. 1964 मध्ये लंडनमध्ये तो सापडला. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात तो असतो आणि आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो. एकदा आला की ‘बी’ जातीच्या पांढऱ्या पेशींत जन्मभर दडून बसतो. ‘टी’ पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या नेमका हाच पहारा ढिला करतात. मग विषाणूने बाधित बी पेशी बेसुमार वाढू लागतात. सर्वाधिक धोका लहान मुलांना, कारण विषाणू अंगात नसलेल्या मुलाला तो दात्याच्या अवयवातूनच पहिल्यांदा मिळू शकतो. मूत्रपिंडापेक्षा फुप्फुस आणि आतड्याच्या प्रत्यारोपणात धोका बराच जास्त. पहिले वर्ष जोखमीचे, पण काहींना हा आजार कित्येक वर्षांनीही होतो, आणि अशा उशिराच्या आजारात पुष्कळदा हा विषाणू सापडतही नाही.

लक्षणे फसवी असतात: न उतरणारा ताप, घटणारे वजन, मानेत किंवा काखेत गाठ, कधी नुसते जुलाब. आपल्याकडे ताप आणि गाठ म्हटले की पहिला संशय क्षयाचा येतो. तो चुकीचा नाही. प्रत्यारोपण झालेल्यांना क्षयही होतो. पण अंदाजाने औषध सुरू करणे इथे महागात पडते. क्षयावरचे रिफॅम्पिसिन रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी खाली आणते आणि नवा अवयवच धोक्यात येतो. म्हणून गाठीची बायॉप्सी हवीच, असे माझे ठाम मत आहे. रक्तातल्या विषाणूच्या मोजणीने संशय बळावतो. निदान ठरते ते बायॉप्सीने.

उपचाराची पहिली पायरी गमतीची आहे: लगाम सैल करणे. अमेरिकी शल्यविशारद थॉमस स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवले, की या गोळ्या कमी केल्यावर काही रुग्णांच्या गाठी विरघळतात. तेवढ्याने भागले नाही तर बी पेशींना लक्ष्य करणारे रिटुक्सिमॅब, आणि गरज पडली तर केमोथेरपी. गोळ्या किती कमी करायच्या हा सगळ्यात नाजूक हिशेब असतो, कारण जास्त कमी केल्या तर शरीर अवयव नाकारते.

तेव्हा हे वाचून कुणी आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये. गाठ लागली किंवा ताप रेंगाळला तर घराजवळच्या दवाखान्यावर न थांबता प्रत्यारोपण केलेल्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावे.