स्क्रीन काळीच राहते? मग असं विचारा

"दादा, कोड चालतोय पण स्क्रीन काळीच." ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या आपल्या संभाजीनगरच्या पोरापोरींचा हा नेहमीचा मेसेज, सोबत मोबाइलने काढलेला तिरपा फोटो. फोटोवरून निदान होत नाही हो! कोड मजकूर म्हणून पाठवा, शेडरचा एरर लॉग जोडा, ग्राफिक्स कार्ड सांगा. शेडर चुकला तरी ओपनजीएल प्रोग्राम थांबवत नाही. लॉग आपणच मागून घ्यावा लागतो.

टर्बो सीमध्ये ब्रेझनहॅमची रेषा (१९६२ची, अजूनही झकास) शिकून झाली की थेट वेबजीएलकडे या. ब्राउझर पुरतो.

सरावाला बीबी का मकबरा घ्या. अर्धाच काढा, उरलेला क्ष-निर्देशांक उणे करून आरशात पाडा. फेस कलिंग चालू असेल तर हा दुसरा अर्धा गायब! कारण आरशात त्रिकोणाच्या बिंदूंचा क्रम उलटतो आणि कार्डाला ती मागची बाजू वाटते. तेवढ्या भागापुरती फ्रंट फेसची दिशा बदला.

आणि उत्तर देणाऱ्यांनो, आख्खा कोड लिहून देऊ नका. आधी एवढंच सांगा: पार्श्वभूमी गुलाबी कर. काळ्यावर काळा त्रिकोण कुणाला दिसणार?